उंटिणीचे खांदे

आमच्या जीपला तिगावात सगळे उंटीण म्हणत, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. खरं तर राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं, ती दिसायचीच तशी. मागची बाकं काढून बाबांनी तिथं फळ्यांचा हौदा बसवून घेतला होता, संत्र्याच्या पेट्या आणि खताची पोती टाकायला. नाल्यातले गोटे आणि बगिच्यातले बांध ओलांडताना पोट घासू नये म्हणून सौंसरच्या लक्ष्मण मिस्त्रीनं ट्रकच्या स्प्रिंगचे जादा पाटे घालून तिला चांगली वीतभर उचलून दिली होती. चाकं खाली, धड वर, आणि चालताना पुढचं तोंड डोलायचं. पोट्टे मागं पळत ओरडायचे, ‘उंटीण आली बे, उंटीण!’ बाबा हसून हॉर्न वाजवायचे. मी शेजारी बसलेला असलो तर खाली उतरून एकदोघांच्या कानाखाली द्यावी असं मला वाटायचं. त्या वयात मला सगळ्याचाच राग यायचा.

घर म्हणजे दोन खोल्या, पुढं पडवी, अंगणात कडुनिंब आणि निंबाखाली उंटीण. पावसाळाभर घरात अंबाडीच्या भाजीचा आंबूस वास असायचा. माय ती ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची आणि ताटात वाढली की वरून लसणाचं कडक तेल सोडायची. बाबा रेल्वे फाटकापाशी गिअर बदलायचे तो आवाज तिला चुलीपाशी बरोबर ऐकू यायचा आणि मगच ती तव्यावर भाकर टाकायची. फाटक बंद असलं की आवाज तिथंच घुटमळायचा आणि मायही थापलेली भाकर हातावर घेऊन थांबायची. मला मात्र त्याच वेळी गाडीचा आवाज ऐकू यायचा. नागपूरकडे जाणारी पॅसेंजर तिगावला टेकायची, दोन मिनिटं उसासे टाकायची आणि निघून जायची. घास तोंडात तसाच राहायचा माझा. माय म्हणायची, ‘जेव ना बाप्पा नीट, काय पायाले भिंगरी लागली तुह्या?’ लागलीच होती. अकरावी होऊन दोन वर्षं झाली होती आणि मी अंगणातून फाटकापर्यंत आणि फाटकापासून अंगणापर्यंत, एवढाच हिंडत होतो.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी मायच्या एका मावसभावानं नागपूरला एका छापखान्यात माझ्यासाठी शब्द टाकला. खिळे जुळवायचं काम, मुक्काम तिथंच माळ्यावर. मालकानं सांगितलं, पोळा झाला की पोराला पाठवा, त्याच्यापुढं मी थांबत नाही. तेव्हापासून मी पोळ्याचे दिवस मोजत होतो. लोक सणाची वाट पाहतात, मी सण उरकायची वाट पाहत होतो.

आता बैलांबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. जीप येण्याआधी बाबांची बैलबंडी होती. बगिच्यातून ठेसनापर्यंत पेट्या वाहायच्या. हौश्या डाव्या अंगाला, मुरल्या उजव्या अंगाला. मुरल्या दांडगा, त्याला काही होत नसे. हौश्याचा खांदा मात्र हळवा, दर हंगामात सुजायचा, आणि म्हणून की काय बाबांचा सगळा जीव हौश्यावर. दर शनिवारी ते जवसाच्या तेलात हळद कालवून दोघांचे खांदे चोळायचे, पण मुरल्याला दोन हात आणि हौश्याला दहा. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदशेकणी असते. तूप-हळद कोमट करून पळसाच्या पानानं बैलांच्या खांद्याला लावायची, आणि मग हात जोडून त्यांना आवतण द्यायचं, उद्या जेवाले या म्हणून. एकदा आवतण दिलं की पोळा उरकेपर्यंत त्या बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही. मग शेतात आग लागो की नाल्याला पूर येवो. लहानपणी एकदा पोळ्याच्या दिवशी मामाची बंडी चिखलात रुतली आणि तो बैल मागायला आला, तर बाबांनी स्वतः खांदा देऊन ती काढली, पण दावणीला हात लावू दिला नाही.

ती जोडी विकून बाबांनी जीप घेतली. घेतल्यावर आठ दिवस ते नीट जेवले नाहीत असं माय सांगते. म्हणजे सांगायची, अजूनही तिच्याबद्दल लिहिताना माझं असं होतं. पहिल्या शनिवारी संध्याकाळी बाबा वाटीत तेल-हळद घेऊन अंगणात आले, दावण रिकामी बघून थोडा वेळ उभे राहिले, आणि मग निंबाखाली जाऊन जीपच्या पुढच्या चाकांमागं वाकले. पाटे जिथं चासीला अडकवलेले असतात, तिथं त्यांनी बोटांनी तेल चोळलं. ‘हेच तिचे खांदे’, म्हणाले. कुणी हसलं नाही. तेव्हा त्या जागी लोखंडी बुश होते आणि लोखंडाला तेल गोडच लागतं. पुढं मिस्त्रीनं जीप उचलली तेव्हा धक्के कमी बसावेत म्हणून लोखंडी काढून रबराचे बुश घातले. बुश म्हणजे काही मोठी चीज नाही. पाट्याच्या टोकाला जे वेटोळं असतं त्यात बसणारी आंगठ्याएवढी नळी, तिच्यातून पाट्याची पिन जाते. बाबांना ते बदलल्याचं माहीत होतं की नाही कोण जाणे. शनिवार काही चुकला नाही.

पोळ्याला पंधरा दिवस असताना ती गोष्ट झाली. बाजाराचा दिवस, हौद्यात मामाचे दुधाचे कॅन आणि मामा. हा मायचा धाकटा भाऊ, दामूमामा, गावात दुधाचा धंदा करायचा आणि आमच्या घरात कारभार. नाल्याच्या पुलावर उंटीण अशी डावीकडं ओढली गेली की बाबांनी स्टिअरिंगचं चाक उजवीकडं पिळून धरलं तरी ती पुलावरून उतरून बाभळीत घुसली. कुणाला लागलं नाही. दूध तेवढं सांडलं. बाबा खाली उतरले, पुलाकडं पाहिलं, चाकाकडं पाहिलं आणि मग आपले दोन्ही हात पुढं धरून बघत उभे राहिले. ‘दामू’, ते म्हणाले, ‘हात गेले माहे.’

मामाला एवढंच पाहिजे होतं. मी म्हणत नाही की तो वाईट होता. बहिणीची काळजी होती त्याला. पण त्याला प्रत्येक गोष्टीचा निकाल लावायची घाई. त्याच रात्रीच्या जेवणावर त्यानं ठरवून टाकलं, ‘भाऊजी, तुमी आता आराम करा. पोळ्याच्या दिवशी चार लोकांसमोर चाबी वसंताच्या हाती द्या. घरचा पोट्टा घरी राहीन, गाडीबी चालू राहीन. काय म्हणतं बाई?’ माय चुलीकडं वळली. बाबा भाकरीचा तुकडा मोडत होते, तो मोडतच राहिले. मी म्हणालो, ‘आन् माहा छापखाना?’

‘अबे, छापखान्यात कोण बसलं आहे तुह्यासाठी? बाप मोठा का खिळे मोठे?’

मी ताटावरून उठलो आणि फाटकापर्यंत जाऊन आलो. म्हणजे बाबांचे हात गेले असतील तर माझं नागपूर गेलं, इतका सरळ हिशेब होता. आज कबूल करतो, मला त्या दिवशी बाबांची जितकी काळजी वाटली त्याच्या दसपट माझी स्वतःची वाटली.

नंतरचे दिवस घरात भलतंच वातावरण. बाबा आपले हात तपासत बसायचे. भरलेला तांब्या हात लांब करून धरायचे आणि पाणी हलतं का बघायचे. पाणी हलायचं, कुणाच्याही हातात हलतं. एकदा ओट्यावर बसून सुईत दोरा ओवताना दिसले, तीनदा चुकले आणि सुई मायकडं देऊन टाकली. जीपकडं पाठ करून बसायचे. तो शनिवार आला आणि तेलाची वाटी कोनाड्यातच राहिली.

गाडी मी चालवायला लागलो, चाबी मात्र मामा आपल्याच खिशात ठेवायचा. आणि पहिल्याच दिवशी फाटकाच्या अलीकडं ती माझ्याही हाताखालून डावीकडं गेली. मी थांबवली, परत नेली, परत तेच. ब्रेक लावला की पुढून डाव्या बाजूनं कट्ट आवाज यायचा आणि तोंड वळायचं. मला इतका आनंद झाला की मी एकटाच ओरडलो. घरी येऊन सांगितलं तर मामा म्हणाला, ‘तुह्या हाती ओढणारच. कच्चा हात आहे तुहा. एकाचे म्हातारे, एकाचे कच्चे.’ बाबा म्हणाले, ‘राहू दे वसंता. मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिला तू.’ अस्सा संताप आला! खरं बोलणाऱ्याला कुणी असं मायेनं खोटं पाडलं की काय करावं?

पोळ्याला तीन दिवस उरले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमारीची जत्रा, नदीच्या दोन काठांवरून लोक एकमेकांना गोटे मारतात, म्हणजे ते दोन दिवस ना दुकान उघडं, ना मोटर भरवशाची. जे करायचं ते त्याआधीच. सकाळी मी जीपचं तोंड जॅकवर उचललं, खाली रेल्वेच्या जुन्या सागवानी स्लीपरचे तुकडे सारले आणि पुढची दोन्ही चाकं काढली. हे मला येत होतं असं नाही. मिस्त्रीनं पाटे घातले तेव्हा मी बाजूला उभा राहून पाहिलं होतं, एवढीच विद्या. यू बोल्टवरच्या नटांच्या चाक्या गंजून अशा बसल्या होत्या की पान्यावर उभा राहिलो तरी हलेनात. पान्यात लोखंडी नळी अडकवून, ती खांद्यावर घेऊन, उठत उठत एकेक ढिली केली. पाट्याची पिन सब्बल, म्हणजे पहार, लावून खांद्यानं रेटली. दुपारपर्यंत दोन्ही खांदे काळेनिळे झाले. बाबा पडवीत पाठ करून बसले होते, पण पिन सुटताना जो आवाज झाला त्याला त्यांची मान वळली. डाव्या पाट्याच्या वेटोळ्यातून बोट घालून बुश काढला, तो नळीसारखा आलाच नाही. चिकट गोळा आला. उजवा निदान नळी होता. फडक्यात बांधून मी तो आणि बाकीचे खिशात घातले.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याहून मोटर धरून सौंसरला गेलो. लक्ष्मण मिस्त्रीचं दुकान मोटर अड्ड्याच्या मागं. सडपातळ माणूस, तोंडात कायम लवंग. त्यानं तो गोळा बोटांत दाबला, ब्लेडनं मधोमध कापला आणि थांबला. आतून पिवळा होता. धुळीचा पिवळा नाही. सणाचा पिवळा. मिस्त्रीनं नाकाशी नेला.

‘काहून बे वसंता, हे कोण जवसाचं तेल पाजून राहिलं गाडीले? आन् हळद?’

त्यानं उजव्या बाजूचा कापला. त्यालाही पिवळी कड होती, पण बारीक. ‘रबराले तेल म्हणजे जहर असते. फुगते, मऊ पडते, मंग पाटा आपल्या जागेवर राहातच नाही. एक बाजू मांग सरकली का गाडी तिकडेच पळते. डाव्याले जास्तच पाजलं दिसते कोणं तरी.’

मी तिथल्या उलट्या डब्यावर बसून राहिलो. डाव्या अंगाचा हौश्या. मुरल्याला दोन हात, हौश्याला दहा. रबर घातल्यापासून दोन वर्षं दर शनिवारी बाबा त्या बैलाचा सुजका खांदा चोळत होते आणि त्याच अंगाला उंटीण ओढली गेली होती. मिस्त्रीला सांगितलं तर तो आधी खदखदून हसला आणि मग हसायचा थांबून त्यानं लवंग थुंकली. नवे बुश आणि पिना कागदात बांधून दिल्या. ‘साबणाचं पाणी लावून बसव. तेलाचा थेंब नाही लावायचा. आन् बापाले जरा पाहून सांग.’

परतीच्या मोटारीत खिडकीबाहेर कपाशी, संत्र्याचे बगिचे, परत कपाशी, आणि माझ्या डोक्यात एकच. सांगितलं तर बाबांचे हात सुटतात आणि मीही सुटतो. पण सांगायचं काय? तुमच्या मायेनंच गाडी खाल्ली म्हणून? आणि रबर हलक्या दर्जाचं होतं अशी थाप मारली तर येत्या शनिवारी परत वाटी भरेल, मी नागपुरात असेन आणि पुलाखाली पुढच्या वेळी बाभूळ असेलच असं नाही. पांढुर्णा येईपर्यंत मी चारदा सांगायचं ठरवलं आणि चारदा न सांगायचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी बुश बसवून झाले. साबणाच्या पाण्यानं ते सर्रकन आत गेले. चाकं चढवली, जॅक काढला आणि बाबांना म्हणालो, ‘बसा. पुलापर्यंत नेऊन आणा.’

‘नाही बाप्पा.’

‘बसा म्हणतो ना.’

‘हातात दम नाही रे आता.’

मामा तिथंच होता. तो म्हणाला, ‘कायले म्हाताऱ्याच्या मांग लागला? उद्या चाबी घे आन् मोकळा हो.’ आणि मग माझा तोल गेला. चार वेळा ठरवलेलं सगळं बाजूला राहिलं. खिशातून कापलेला बुश काढून मी बाबांच्या पुढ्यात टाकला आणि ओरडलो, ‘तुमच्या हाताले काही नाही झालं! तुमी तेल चोळू चोळू गाडी खराब केली! पाहा, हळद पाहा! रबर आहे ते, बैल नाही! हौश्या नाही ना तो, बाबा!’

शेजारच्या अंगणातलं बोलणं थांबलं. माय दारात आली. चाळीस वर्षं होत आली त्याला. छापखाना केव्हाच बंद पडला, खिळे भंगारात गेले, पण माझं ते ओरडणं मला अजून ऐकू येतं. तेच वाक्य हळू आवाजात म्हणता आलं असतं. तेव्हा नाही आलं.

बाबांनी बुश उचलला. आंगठ्यानं दाबला, वास घेतला.

‘डाव्या अंगाचा?’

‘हाव.’

त्यांनी आतलं पिवळं नखानं खरवडलं. मग तो सदऱ्याच्या खिशात घातला, उठले, मामाकडं न बघता हात पुढं केला. मामानं चाबी दिली. उंटीण अंगणातून निघाली, फाटकाशी गिअर बदलल्याचा आवाज आला. मी पळत फाटकापर्यंत गेलो. नाल्याकडचा रस्ता तिथून सरळ दिसतो. पुलावर बाबांनी ब्रेक मारला, मुद्दाम, जोरात. ती होती तशी सरळ उभी राहिली. परत आले तेव्हा त्यांनी चाक एका हातानं धरलं होतं आणि दुसरा हात दारावर टाकला होता. अंगणात येऊन उतरले, चाबी मामाच्या हातात परत दिली आणि हातपाय धुवायला गेले. ते रागावलेत की काय तेच मला कळेना. चाबी मामाकडं का दिली तेही कळेना. उद्याचं उद्या आहेच असं समजून मामा ती बोटात फिरवत ओट्यावर बसला.

दिवे लागायच्या वेळेला गावभर बैल नाल्यावर धुऊन आणले होते आणि घराघरातून तुपाचा वास येत होता. मायनं सवयीनं आमच्याही चुलीवर तूप-हळद कोमट केली होती. वाटी हातात घेतल्यावर दावण रिकामी असल्याचं तिच्या ध्यानात आलं आणि ती तशीच उभी राहिली. बाबांनी तिच्या हातून वाटी घेतली. कुडाला खोचलेलं पळसाचं पान काढलं आणि निंबाकडं निघाले. सांगूनही परत तेच करतात की काय! पण ते जीपपाशी थांबले, बॉनेटवर तळवा ठेवला, आणि तिथूनच वळून म्हणाले, ‘वसंता, इकडं ये. सदरा काढ.’

‘कायले?’

‘काढ म्हणतो ना.’

मी काढला. दोन्ही खांदे नळीनं आणि सब्बलीनं काळे पडले होते, उजवा जास्त. बाबांनी पळसाच्या पानानं आधी उजव्याला तूप लावलं आणि मग पान टाकून देऊन नुसत्या हातानं चोळायला लागले. हात जड होते, खरबरीत होते, आणि जरासुद्धा थरथरत नव्हते. मला दुखत होतं आणि मी हू की चू केलं नाही. ‘रबराले चालत नाही म्हणतो तं नाही लावत’, ते म्हणाले. ‘तुले तं चालते ना?’ मायला हसू आलं, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. मामा ओट्यावरून म्हणाला, ‘काय हे भाऊजी, पोट्ट्याले बैल केला तुमी!’

डावा खांदा झाला, त्याला जरा जास्तच वेळ लागला. मग बाबांनी हात धोतराला पुसले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले. मुलासमोर बापानं हात जोडायचे! मी घाबरून मागं सरकलो. दर वर्षी हौश्याला सांगायचे त्याच सुरात त्यांनी सांगितलं, ‘उद्या जेवाले ये.’

आवतण दिलेल्या खांद्याचं काय असतं ते तिगावातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं, आणि मामाला तर चांगलंच माहीत होतं, त्याची बंडी एकदा त्याच पायी बाबांना स्वतःच्या खांद्यानं काढावी लागली होती. त्याच्या बोटात फिरणारी चाबी थांबली. तो उठला, पडवीत आला, खुंटीवर जिथं बाबांची टोपी असायची तिथं चाबी अडकवली आणि मायला म्हणाला, ‘बाई, पुरण किती शिजवून राहिली? पोट्ट्याच्या नागपूरच्या शिदोरीलेबी घाल चार पोळ्या.’